चार कार्डं, चार घड्याळं: पीटीपी चाचणी-मंचाच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

चाचणी-मंचाचं मशीन आज जोडून झालं. एकाच पेटीत इंटेलची चार आय२१० नेटवर्क कार्डं आहेत. कार्ड १ ग्रँडमास्टरच्या, म्हणजे सगळ्यांना मूळ वेळ पुरवणाऱ्या घड्याळाच्या, नेटवर्कला जोडलंय आणि ग्रँडमास्टरचा अँटेना गच्चीवर आहे. कार्ड २, ३ आणि ४ वर तपासायची उपकरणं लागतील. म्हणजे मशीनने कार्ड १ वरून वेळ घ्यायची आणि बाकीच्या तिघांतून पुढे वाटायची. पीटीपीच्या, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीच्या, भाषेत हे बाउंडरी क्लॉक.

उपकरणं आहेत वीजवाहिनीवरचा बिघाड शोधणारी. वाहिनीवर कुठे बिघाड झाला की तिथून एक लाट दोन्ही टोकांकडे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावते. दोन्ही उपकेंद्रांतली उपकरणं ती पोचल्याची वेळ टिपतात आणि दोन वेळांच्या फरकातून बिघाडाचं अंतर निघतं. घड्याळात १ मायक्रोसेकंदाची चूक असली तर जागा सुमारे १५० मीटरने सरकते. कोयनेकडून घाट चढून येणाऱ्या वाहिन्यांवर, जुलैच्या पावसात, लाइनमनला १५० मीटर म्हणजे कधी कधी दरीची पलीकडची बाजू. हे काम हाती घेताना डोळ्यांसमोर तेच चित्र होतं.

मानक आयईसी ६१८५०-९-३. पूर्ण साखळीला १ मायक्रोसेकंद मिळतो. त्यात ग्रँडमास्टरला २५० नॅनोसेकंद, प्रत्येक ट्रान्सपरंट क्लॉकला (आपल्यामुळे झालेला उशीर मोजून पुढे कळवणाऱ्या स्विचला) ५० आणि प्रत्येक बाउंडरी क्लॉकला २००. आमचं मशीन बाउंडरी क्लॉक असल्यामुळे आमची मर्यादा २००.

११ जून

पीटीपी चालवणारा प्रोग्राम, पीटीपी४एल, चारही कार्डांवर एकदम सुरू केला. दुसऱ्याच पोर्टला 'पीएचसी डिव्हाइस मिसमॅच' म्हणून बंद पडला.

प्रोग्रामचं म्हणणं रास्त आहे. पीएचसी म्हणजे कार्डाच्या आतलं हार्डवेअर घड्याळ. एकाच चिपवर चार पोर्ट असतील आणि चौघांचं घड्याळ सामाईक असेल तर प्रश्न येत नाही. आमच्याकडे चार वेगळी कार्डं, चार वेगळे स्फटिक. एक पोर्ट वेळ घेणार आणि दुसरा पोर्ट भलत्याच घड्याळावरची वेळ वाटणार, हे पीटीपी४एल गुपचूप होऊ देत नाही. कॉन्फिगमध्ये 'बाउंडरी क्लॉक जेबॉड' हा पर्याय १ केला की तो चालतो, पण मग चार घड्याळं एकमेकांशी जुळवायची जबाबदारी आपली. त्यासाठी सोबत पीएचसी२सिस हा घड्याळं जुळवणारा प्रोग्राम स्वयंचलित पद्धतीने चालवायचा. तो पीटीपी४एलला विचारत राहतो की वेळ कुठल्या पोर्टवरून येतेय, आणि त्या पोर्टचं घड्याळ मूळ धरून बाकीच्यांना वळण लावतो.

लक्षात ठेवायचं: पीटीपी घड्याळांचे क्रमांक मशीन सुरू होताना ठरतात. आज दोनदा रीबूट केलं तर ० आणि २ यांची अदलाबदल झाली. स्क्रिप्टमध्ये क्रमांक लिहायचा नाही, इंटरफेसचं नावच लिहायचं.

१३ जून

दोन दिवस एकाच गोष्टीत गेले. कार्ड १ ग्रँडमास्टरला छान चिकटलेलं. बाकीच्या तिघांची वारंवारता-दुरुस्ती (घड्याळाचा वेग किती कमी-जास्त केला तो आकडा) मात्र कधी +६,२४,९९,९९९ तर कधी −६,२४,९९,९९९, एकक अब्जांश. हा आय२१० च्या दुरुस्तीचा कमाल आकडा आहे, म्हणजे साधारण सव्वासहा टक्के. स्फटिकाची चूक लाखात दोन-तीन भागांच्या पुढे जात नाही, त्यामुळे दोष स्फटिकाचा नव्हता. कुणीतरी घड्याळाचे काटे दोन्ही बाजूंनी ओढत होतं.

फरकाचा आकडा नीट पाहिल्यावर उलगडा झाला. ३७ सेकंद. पीटीपीची वेळ टीएआय, म्हणजे लीप सेकंद न धरणारी अणुघड्याळांची वेळ, असते. आपण रोज वापरतो ती यूटीसी, आणि १ जानेवारी २०१७ पासून ती टीएआयच्या ३७ सेकंद मागे आहे. म्हणजे या कार्डांना कुणीतरी यूटीसी पाजत होतं. चालू सेवांची यादी काढली तर ग्रँडमास्टर येण्याआधीच्या काळातली आमचीच एक जुनी सेवा सापडली. ती मशीनची प्रणाली-वेळ, कसलाही फरक न धरता, तिन्ही कार्डांवर उतरवत होती आणि प्रत्येक रीबूटला इमानाने उठत होती. एका घड्याळावर दोन पीएचसी२सिस, एकाची ओढ यूटीसीकडे आणि दुसऱ्याची टीएआयकडे.

सेवा बंद केली आणि फाइलही काढून टाकली. पाच मिनिटांत वारंवारता शहाण्या आकड्यांवर आली: कार्ड २ ला −११,३००, कार्ड ३ ला +४,१००, कार्ड ४ ला −६,८०० अब्जांश.

१४ जून

कार्ड ४ चा पोर्ट दर काही मिनिटांनी दोषी अवस्थेत जाऊन १६ सेकंदांनी परत येत होता. लॉगमध्ये 'पाठवलेल्या पॅकेटचा टाइमस्टॅम्प मिळाला नाही', म्हणजे पॅकेट निघाल्याची कार्डाने टिपलेली वेळ हाती आली नाही. प्रतीक्षेची मर्यादा वाढवून भागलं नाही. ड्रायव्हरच्या मोजणीत 'वगळलेले टाइमस्टॅम्प' हा आकडा चढताना दिसला. आमचा फ्रेम पाठवणारा प्रोग्राम त्याच कार्डावर प्रत्येक फ्रेमसाठी हार्डवेअर टाइमस्टॅम्प मागत होता, आणि हे कार्ड एका वेळी एकच मागणी सांभाळतं. प्रोग्राममधून ती मागणी काढली. प्रश्न मिटला.

१७ जून

सगळं शांत. पीएचसी२सिसच्या लॉगमध्ये तिन्ही कार्डांचा फरक ±१५ नॅनोसेकंदांच्या आत. पहिली खरी चाचणी घेतली.

८४ किलोमीटरची वाहिनी आणि एका टोकापासून ३१ किलोमीटरवर बिघाड, असं गृहीत धरून दोन लाटा जनरेटरमधून सोडल्या. दोन लाटांमधलं अंतर जनरेटर स्वतः राखतो, त्यात पीटीपीचा हात नाही. कार्ड २ वर उपकरण 'अ', कार्ड ३ वर उपकरण 'आ', दोन वेगळ्या उत्पादकांची. वीस वेळा सोडल्या आणि वीसही वेळा उत्तर साठ मीटरने चुकलं, एकाच दिशेला. उत्तरांतला आपसातला फरक जेमतेम तीन-चार मीटरचा.

'अ' आम्ही पूर्वी दुसऱ्या मंचावर तपासलेलं, त्यामुळे संशय 'आ' वर.

१८ जून

'आ'च्या उत्पादकाच्या इंजिनिअरला फोन केला. म्हटलं, तुमचं उपकरण सुमारे ४०० नॅनोसेकंद पुढे चालतंय. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे ग्रँडमास्टरला थेट जोडून पाहिलंय. तिथे बरोबर येतं. तुम्ही एकदा तुमची बाजू बघून घ्याल का?" मी त्यांना आमचा लॉग वाचून दाखवला, ±१५ नॅनोसेकंद. त्यावर ते काही बोलले नाहीत. प्राथमिक अहवालात 'आ'समोर 'अमान्य' लिहून पाठवला.

२० जून

ते वाक्य डोक्यातून जाईना. आज 'अ' आणि 'आ' यांची अदलाबदल केली: 'आ' कार्ड २ वर, 'अ' कार्ड ३ वर. दहा मिनिटांचं काम. उपकरणाचा दोष असता तर चूक ज्या बाजूला होती ती बाजू उलटली असती. उलटली नाही. साठ मीटर, त्याच बाजूला.

चूक उपकरणाबरोबर गेली नाही, आमच्या पोर्टपाशी राहिली. ही अदलाबदल अहवालाच्या आधी करायला हवी होती, केली नाही. अहवाल मागे घेतल्याचं पत्र आजच पाठवलं, कारण शोधतोय असं त्यात स्पष्ट लिहिलं.

२१ जून

लॉग बाजूला ठेवला. लॉगमधला फरक म्हणजे पीएचसी२सिसने स्वतः मोजलेला फरक. त्याच्या मोजण्यातच ठरावीक चूक असेल तर तो ती चूक धरून घड्याळ जुळवतो आणि मग शून्य छापतो. बाहेरून मोजल्याशिवाय ती दिसायची नाही.

आय२१० वर चार जोडपिना असतात. त्यांतून घड्याळाचा सेकंदाचा ठोका ३.३ व्होल्टच्या पल्सच्या रूपात बाहेर काढता येतो. चारही कार्डांवर एक पिन त्या कामाला लावली आणि चार तारा चार चॅनेलच्या ऑसिलोस्कोपला नेल्या. कार्यशाळेतल्या काकांनी कोअॅक्सच्या चारही तारा एकाच रिळातून मोजून एकेक मीटर कापल्या. त्यांना कारण सांगावं लागलं नाही. कोअॅक्समधून सिग्नल मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद घेतो हे ते माझ्या कितीतरी आधीपासून जाणतात.

ट्रिगर कार्ड १ वर. कार्ड २ बारा नॅनोसेकंदांवर. कार्ड ३ चा ठोका ४१० नॅनोसेकंद आधी, कार्ड ४ चा ४२०. पडदा गोठवून फोटो काढला. ४१० नॅनोसेकंद म्हणजे लाटेच्या हिशेबात ६० मीटर.

२४ जून

आजचा दिवस चुकीच्या वाटांचा. कोअॅक्स आपसात बदलल्या: फरक २ नॅनोसेकंदांच्या आत, तारा निर्दोष. मग बायोसमध्ये जाऊन पीसीआय एक्सप्रेसची (कार्डं ज्या मार्गाने प्रोसेसरशी बोलतात त्याची) वीजबचत बंद केली. लॉगमधले आकडे आणखी स्थिर झाले, ±१५ चे ±९. स्कोपवर मात्र ४१० चे ४१० च. थरथर आणि ठरावीक सरक यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे इतक्या स्वच्छपणे मी पहिल्यांदा पाहिलं.

वीजबचत बंदच ठेवली आहे. थरथर कमी झाली तर हवीच आहे.

२५ जून

मशीन उघडून कार्ड २ आणि कार्ड ३ यांच्या जागा बदलल्या. कार्डांवर मॅक पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, नाहीतर गोंधळ ठरलेला.

सरक कार्डाबरोबर गेली नाही, स्लॉटमध्येच राहिली. आता कार्ड ३ बारा नॅनोसेकंदांवर आणि कार्ड २ चारशेच्या पलीकडे.

पीसीआयचा वृक्ष छापून पाहिला. पहिले दोन स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेले आहेत. तिसरा आणि चौथा मदरबोर्डवरच्या चिपसेटमागून जातात. म्हणजे त्या दोन स्लॉटमधल्या कार्डाचं घड्याळ वाचायला प्रोसेसरला वाटेत एक नाका जास्त लागतो. कार्डं परत आपापल्या जागी.

२६ जून

आजची नोंद लांब होईल. हे पुढे कुणाच्या तरी कामी यावं म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या मशीनवरची पीएचसी२सिसची आवृत्ती दोन कार्डांची तुलना अशी करते: आधी जुळवायचं घड्याळ वाचायचं, मग मूळ घड्याळ, मग पुन्हा जुळवायचं घड्याळ. पहिल्या आणि तिसऱ्या वाचनाचा मध्य काढायचा आणि तो मधल्या वाचनाशी ताडून पाहायचा. हे पाच वेळा करून सर्वांत कमी वेळात उरकलेलं वाचन घ्यायचं. पद्धत उत्तम आहे, पण एका अटीवर: मधलं वाचन खरोखर मध्यावर घडलं पाहिजे.

आय२१० चं घड्याळ वाचण्यासाठी ड्रायव्हर लागोपाठ तीन रजिस्टरं (कार्डावरचे आकड्यांचे कप्पे) वाचतो, प्रत्येकासाठी कार्डापर्यंत एक फेरी. वेळ गोठते ती पहिल्या रजिस्टरला हात लागताच. उरलेल्या दोन फेऱ्या आधीच गोठलेला आकडा उचलून आणायच्या. दोन्ही कार्डांची फेरी सारखी असेल तर हे सगळं समतोल राहतं आणि मध्य अचूक येतो. फेऱ्या असमान असल्या की तोल जातो.

लॉगमध्ये फरकाशेजारी 'डिले' नावाचा एक रकाना असतो: पहिल्या वाचनापासून तिसऱ्यापर्यंतचा एकूण वेळ. दोन आठवडे तो डोळ्यांसमोर होता आणि आमच्यापैकी कुणीही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. कार्ड २ ला तो ५,४०० नॅनोसेकंद, कार्ड ३ ला ६,६००.

आता हिशेब. एकूण वेळात सहा फेऱ्या येतात, तीन जुळवायच्या कार्डाच्या आणि तीन मूळ कार्डाच्या. कार्ड १ आणि २ एकाच प्रकारच्या स्लॉटमध्ये, म्हणून ५,४०० भागिले ६, प्रत्येक फेरी ९०० नॅनोसेकंदांची. कार्ड ३ च्या ६,६०० मधून कार्ड १ चे २,७०० वजा केले की उरतात ३,९०० आणि त्याची फेरी १,३०० ची निघते. रजिस्टर फेरीच्या अर्ध्यावर गोठतं असं धरलं, तर सुरुवातीपासून मोजून मूळ घड्याळ प्रत्यक्षात वाचलं जातं ४.३५ मायक्रोसेकंदांना. दोन बाजूंच्या वाचनांचा मध्य पडतो ३.९५ ला. चूक ०.४० मायक्रोसेकंदांची, आणि दिशा अशी की कार्ड ३ पुढे धावावं.

कागदावर ४०० आणि स्कोपवर ४१०. वहीत हा आकडा लिहिल्यावर मी थोडा वेळ नुसती बसून होते.

ज्युनिअरला हे फळ्यावर काढून दाखवलं. त्याने विचारलं, "मॅडम, मग लॉगमधलं शून्य खोटं होतं का?" खोटं नव्हतं. पीएचसी२सिसने जे मोजलं ते प्रामाणिकपणे छापलं. ४०० नॅनोसेकंदांची सरक त्याला दिसेल अशी जागाच त्याच्या मोजमापात नाही.

२७ जून

उपाय ठरवायची बैठक.

४०० वजा करून टाकायचे, ही सूचना आली. मी नाही म्हटलं. आकडा या मदरबोर्डचा, या स्लॉटचा, कदाचित या बायोसचा. सहा महिन्यांनी कुणी कार्ड हलवेल आणि वजाबाकी तशीच राहील. थेट प्रोसेसरचे चार स्लॉट असलेला बोर्ड घ्यायचा, हा दुसरा मार्ग. चालेल, पण वेळ जाईल आणि तरीही भरवसा फेऱ्या सारख्या असण्यावरच.

मी तिसरा मांडला आणि तो मान्य झाला: घड्याळं सॉफ्टवेअरने वाचून जुळवायची नाहीत, तारेने जुळवायची. कार्ड १ च्या पिनेतून सेकंदाचा ठोका काढायचा आणि तो बाकी तिघांच्या पिनेत घालायचा. ठोका येताच प्रत्येक कार्डाचं हार्डवेअर आपल्या घड्याळाची वेळ स्वतः टिपतं. तो टिपलेला आकडा प्रोसेसरपर्यंत चिपसेटमधून उशिरा पोचला तरी बिघडत नाही, कारण वेळ आधीच नोंदली गेली आहे. हे काम करणारा प्रोग्राम लिनक्सपीटीपीमध्येच, म्हणजे पीटीपी४एल आणि पीएचसी२सिस ज्या संचात येतात त्यातच, आहे: टीएस२पीएचसी.

२८ जून, शुक्रवार

काकांनी पेटीच्या आत वीस-वीस सेंटीमीटरच्या तीन तारा एका बिंदूतून काढून दिल्या. तारेतला उशीर एक नॅनोसेकंद, सोडून देण्याइतका.

टीएस२पीएचसी सुरू केला तर 'ही क्रिया उपलब्ध नाही'. मी फक्त चढती कडा मागितली होती. आय२१० चढती आणि उतरती अशा दोन्ही कडा टिपतं, एकच मागता येत नाही. कॉन्फिगमध्ये दोन्ही कडा मागायच्या आणि पल्सची रुंदी सांगायची, मग प्रोग्राम नको असलेली कडा वगळतो. आमच्या पल्सची रुंदी अर्धा सेकंद आणि प्रोग्रामची पूर्वनिश्चित रुंदीही तीच, त्यामुळे वेगळं काही लिहावं लागलं नाही.

पीएचसी२सिसकडे आता कार्डांचं काम नाही. कार्ड १ वरून मशीनची प्रणाली-वेळ लावणं एवढंच त्याच्याकडे ठेवलं. १३ तारखेचा अनुभव ताजा असल्याने एका घड्याळावर एकच हात आहे ना, हे दोनदा तपासलं.

संध्याकाळी स्कोपवर चारही कडा एकावर एक. आडवी पट्टी ताणत नेली तेव्हा कुठे त्या सुट्या झाल्या: ८, १४, ११ नॅनोसेकंद. आय२१० च्या घड्याळाची पायरीच ८ नॅनोसेकंदांची. स्कोपला सांख्यिकी मोजायला लावून निघालो.

१ जुलै, सोमवार

पालख्या शहरात आहेत, रस्ते बंद. घरून मशीनवर शिरून शनिवार-रविवारची नोंद पाहिली.

अडीच दिवस, एक फुगवटा सोडला तर तिन्ही कार्डं ±२५ नॅनोसेकंदांच्या आत. एकच गोष्ट टिपण्यासारखी: शुक्रवारी रात्री आठ वाजता एसी बंद झाला तेव्हा तिन्ही आलेखांवर हलका फुगवटा आहे. खोली तापत गेली तशी स्फटिकांची वारंवारता सरकली आणि दुरुस्ती सेकंदातून एकदाच होत असल्याने मागे पडली. कार्ड ४ ला सर्वांत जास्त, ३१ पर्यंत. ते पंख्याच्या झोतासमोर आहे. झाकण लावून आणि एसीची झडप वळवून पुन्हा पाहायचं.

३ जुलै

झाकण लावल्यावर फुगवटा १८ वर आला.

८४ किलोमीटरची तीच वाहिनी, ३१ किलोमीटरवर तोच बिघाड. 'अ' कार्ड २ वर, 'आ' कार्ड ३ वर. मग उलट. मग दोघांनाही आळीपाळीने कार्ड ४ वर. प्रत्येक जोडीला वीस वेळा, आणि प्रत्येक मालिकेच्या आधी-नंतर स्कोपचा फोटो. सर्वांत मोठी चूक ७ मीटर, दोन्ही बाजूंना विखुरलेली.

मंचाच्या कार्यपद्धतीत दोन ओळी घातल्या. कुठल्याही उपकरणाचा निकाल लिहिण्याआधी पोर्ट बदलून चाचणी पुन्हा घ्यायची. कार्ड, स्लॉट किंवा बायोस यांत काही बदललं तर स्कोपवर चारही ठोके पाहिल्याशिवाय मंच वापरायचा नाही.

४ जुलै

'आ'चा नवा अहवाल पाठवला: मान्य. जोडीला २१ जूनचा फोटो, ३ जुलैचा फोटो आणि २६ तारखेचा हिशेब.

मग त्या इंजिनिअरना फोन केला. चूक आमच्या मंचाची होती, तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं, असं म्हटलं आणि माफी मागितली. त्यांनी आधी विचारलं की चूक नेमकी कशाने झाली. स्लॉटची गोष्ट सांगायला लागले तसे ते मध्येच म्हणाले, "एक मिनिट हं मॅडम, वही घेतो." त्यांच्या चाचणी-मशीनमध्येही दोन कार्डं आहेत. त्यातलं एक चिपसेटमागच्या स्लॉटमध्ये असावं, असं त्यांना वाटतंय. डिलेचा रकाना कुठे असतो ते सांगितलं. उद्या पाहून कळवतो म्हणाले.